पाच बागांचे भांडवल

कर्ज मागावयास येणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा सात-बाराचा उतारा असतो, पगाराची चिठ्ठी असते, निदान ओळखीच्या कोणाचे पत्र तरी असते. २०१७ सालच्या मे महिन्यात नाशिकच्या आमच्या शाखेत आलेल्या एका तरुणाच्या हातात मात्र केवळ एका यंत्राचे रंगीत माहितीपत्रक होते. पेट्रोलवर चालणारे, गवत कापण्याचे यंत्र. माहितीपत्रकाच्या घड्या झिजलेल्या होत्या. त्यावरून ते किती दिवस खिशात वागविले असावे याची कल्पना आली.

हा तरुण मूळचा निफाड तालुक्यातला, द्राक्षबागेत छाटणी करणारा मजूर. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. त्या दिवसांत कुशल छाटणीवाल्यास उसंत नसते, मधल्या महिन्यांत मात्र काम तुटक मिळते. म्हणून त्याने शहरात येऊन गंगापूर रोडवरील दोन बंगल्यांच्या बागा सांभाळावयास घेतल्या होत्या. त्यांपैकी एका मालकांनी त्याला सुनावले होते, ‘‘शेजारचा माळी मशिन घेऊन येतो, तासाभरात काम उरकतो. तुम्ही अजून विळ्यानेच गवत कापता.’’

‘‘साहेब, मशिन नसेल तर हेही घर जाईल,’’ तो म्हणाला.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, ‘‘बागा किती आहेत?’’

‘‘दोन.’’

हा प्रश्न विचारण्याची बुद्धी मला उपजत नव्हती. त्याआधी काही वर्षे, दुसऱ्या एका शाखेत असताना, अशाच एका यंत्रासाठी मी उत्साहाने कर्ज मंजूर केले होते. अर्जदार प्रामाणिक होता, यंत्र चांगल्या प्रतीचे होते, दरपत्रक बिनचूक होते. बागा किती आहेत, हे मात्र मी विचारलेच नाही. त्या गृहस्थाकडे तीन बागा होत्या. पावसाळ्यानंतर गवताची वाढ मंदावली, एक घर सुटले आणि हप्ता थकला. पुढे यंत्र निम्म्या किमतीत विकले गेले आणि खाते अनुत्पादक ठरले. बँकेचे नुकसान फार मोठे नव्हते. तो माणूस मात्र पुन्हा कधी शाखेची पायरी चढला नाही. या प्रकरणात चूक माझी अधिक होती असे मला आजही वाटते.

हा व्यवसाय नेमका कशाचा?

बागेची देखभाल हा व्यवसाय आपल्या शहरांत वाढीस लागला आहे, यात शंका नाही. बंगले कमी होत असले तरी गृहसंकुलांच्या बागा, शाळांची पटांगणे, रुग्णालयांची प्रांगणे, मंगल कार्यालयांच्या हिरवळी वाढत आहेत. नाशिक, पुणे असोत की इंदूर, बडोदे, बेळगाव वा बंगळूर, सर्वत्र तक्रार एकच ऐकू येते : माळी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. या तक्रारीतच व्यवसायाचे मर्म आहे. ग्राहक कापलेल्या गवताचे पैसे देतो असे वरवर दिसते. वास्तविक तो ठरल्या दिवशी ठरल्या वेळी कोणीतरी येईल या खात्रीचे पैसे देत असतो.

ज्याला आपण कौतुकाने ‘लॉन’ म्हणतो, ते पुष्कळदा आपली हरळीच असते. शेतकरी जिला उन्हाळी नांगरटीत मुळासकट वेचून बांधावर टाकतो, जी गणपतीच्या पूजेत दूर्वा म्हणून मानाने विराजते, तीच बंगल्याच्या दारात आली की तिच्यासाठी माळी ठेवावा लागतो. निफाडच्या त्या तरुणाला हे प्रथम कळले तेव्हा तो हसला होता. ‘‘आम्ही जन्मभर जिला काढतो, तिला इथे लावायचे पैसे मिळतात,’’ असे तो म्हणाला. हरळीखेरीज बारीक, दाट, गादीसारखे वाढणारे कोरियन गवत अलीकडे लोकप्रिय आहे. ते सावकाश वाढते, कापावे कमी लागते. परंतु तण काढण्याचे कष्ट त्यात अधिक.

हिरवळीच्या कामात ज्ञान थोडेच लागते, पण ते पक्के हवे. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा पहिला नियम. पंधरा दिवस न फिरकता एकदम बुडापर्यंत गवत छाटले तर हिरवळ पिवळी पडते आणि दोष माळ्याच्या माथी येतो. दुसरे, हरळीला ऊन लागते. दाट आंब्याखाली ती टिकत नाही. कितीही वेळा लावली तरी विरळच होत जाते. अशा जागी पुन्हा पुन्हा गवत लावून पैसे घेणारे माळी आहेत. ‘‘येथे गवत होणार नाही, सावलीत वाढणारी झाडे लावू,’’ असे पहिल्याच भेटीत सांगणारा माळी ग्राहकाच्या लक्षात राहतो. तिसरे, नागरमोथा. काही भागांत यास लव्हाळा म्हणतात. त्याची पाती वरून कापली तर आठवड्यात तो दुप्पट जोमाने वर येतो, कारण त्याचा जीव जमिनीतील गाठींत असतो. ओल असताना खुरप्याने गाठीसह काढणे हाच उपाय. बाहेरून मागविलेल्या लाल मातीतून या गाठी बागेत येतात. म्हणून माती घेण्यापूर्वी ती हातात घेऊन चाळून पाहावी.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात हिरवळीवर तपकिरी डाग पडू लागले आणि तेथील गवत सतरंजीसारखे हाताने उचलले गेले, तर खाली हुमणी मुळे खात आहे असे समजावे. पाणी कमी पडले असे समजून नळी सोडून ठेवणारे अनेक जण पाहिले आहेत. तीच गोष्ट युरियाची. १०० चौरस मीटर हिरवळीस एक किलो युरिया एका वेळी पुरेसा होतो. तोही पसरून टाकून लगेच भरपूर पाणी द्यावयाचे. आमच्या अधिकारी निवासाच्या पुढील हिरवळीवर मी स्वतः एकदा भर दुपारी, कोरड्या जमिनीवर, मुठीमुठीने युरिया फेकला होता. चार दिवसांनी जेथे जेथे मूठ पडली तेथे तेथे जळकी वर्तुळे उमटली आणि ती पुढचे दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्यास माझ्या उद्यानविद्येची साक्ष देत होती. गांडूळखत व चाळलेले शेणखत यांत असा धोका नसतो. नवशिक्याने त्यांपासूनच आरंभ करावा.

ज्यांना पद्धतशीर शिकावयाचे आहे त्यांनी चौकशी करावी. कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत माळी प्रशिक्षणाचे वर्ग चालत आले आहेत. बँकांनी पुरस्कृत केलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतून ग्रामीण तरुणांस विनाशुल्क प्रशिक्षण मिळते आणि पुढे कर्जासाठी मार्गदर्शनही होते.

पिशवीत मावेल एवढे

आरंभास काय लागते? दोन खुरपी, विळा, छाटणीची कात्री, मेंदी कापण्याची लांब दांड्याची कात्री, दाताळे, फावडे, घमेले, हातमोजे आणि धार लावण्यासाठी कानस. झारी व रबरी नळी ग्राहकाच्या घरी असतेच. हे सर्व साहित्य चार-पाच हजार रुपयांत जमते. छाटणीच्या कात्रीत मात्र काटकसर करू नये. बोथट पात्याने फांदी चिरडली जाते आणि चिरडलेल्या जागी बुरशी शिरते. द्राक्षबागेतून आलेल्या आमच्या तरुणाकडे ही कात्री आधीपासून होती, आणि तिला तो दर संध्याकाळी धार लावीत असे. त्याचे खरे भांडवल ते होते. माहितीपत्रकातील यंत्राकडे डोळे लागल्यामुळे त्याला ते दिसत नव्हते.

हिरवळ कापण्यास विळा अपुरा पडतो हे खरे. त्यासाठी हाताने ढकलण्याचे यंत्र मिळते. त्यात फिरत्या दंडगोलावरील पाती खालच्या स्थिर पात्यावर येऊन कात्रीप्रमाणे गवत कापतात. १८३० साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर येथील एडविन बडिंग यांनी या यंत्राचे एकस्व घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव छाटणारे यंत्र पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. जवळजवळ दोनशे वर्षे झाली तरी तत्त्व तेच आहे. या यंत्रास पेट्रोल लागत नाही, आवाज होत नाही, दुपारी झोपलेल्या घरमालकांची तक्रार येत नाही. लहान बंगल्याच्या हिरवळीस ते पुरते. मात्र गवत फार वाढू देऊन चालत नाही. उंच गवतापुढे ते हात टेकते.

तासाचा हिशेब

त्या दिवशी मी त्याला कर्ज नाकारले नाही आणि दिलेही नाही. एक दोनशे पानी वही आणावयास सांगितले. प्रत्येक बागेसाठी एक पान. त्यावर तारीख, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, केलेले काम, झालेला खर्च. ‘‘पाच बागा झाल्या आणि तीन महिन्यांची वही भरली की या,’’ असे म्हटले. तो नाराज होऊन गेला. तोंडावर काही बोलला नाही, पण ‘‘साहेबांना द्यायचंच नाही’’ हे शब्द दाराशी शिपायाला ऐकू आले.

सप्टेंबरात, फळछाटणी सुरू होण्यापूर्वी, तो वही घेऊन आला. बागा सहा झाल्या होत्या. वहीतील वेळांची आम्ही दोघांनी मिळून बेरीज केली, तेव्हा एक मौज उघड झाली. ज्या मोठ्या बंगल्याचे त्याला सर्वाधिक, म्हणजे महिन्याला २,००० रुपये मिळत आणि ज्याचा त्याला अभिमान होता, तेथे महिन्यात २० तास जात होते. तासाला १०० रुपये. एका निवृत्त शिक्षिकेच्या लहानशा बागेचे ७०० रुपये मिळत, पण तेथे चारच तास लागत. तासाला १७५ रुपये. मोठ्या बंगल्याच्या मालकांनी दर वेळी ‘‘जरा हेही करून टाका’’ म्हणत मोटार धुण्यापासून टाकी साफ करण्यापर्यंतची कामे त्याच्या गळ्यात घातली होती. ‘‘म्हणजे मोठं घर मला पोसत नाही, मीच त्याला पोसतो,’’ तो म्हणाला. यावर माझ्याकडून काही भर घालण्याची गरज नव्हती.

बागेच्या क्षेत्रफळावरून दर ठरविणारे बहुतेक जण येथेच फसतात. दर ठरवावा तो लागणाऱ्या तासांवरून, आणि त्यात येण्याजाण्याचा वेळही धरावा. आजच्या वाचकांसाठी एक उदाहरण मांडतो. आकडे केवळ हिशेबासाठी आहेत, आपापल्या गावचे दर त्यांत घालावेत. आठवड्यातून एकदा दोन तास, म्हणजे महिन्यास आठ तास, असे एका बागेचे काम असून मोबदला १,२०० रुपये धरू. एकटा माणूस अशा १४ बागा नीट सांभाळू शकतो. मिळकत १६,८०० रुपये, काम ११२ तास, म्हणजे तासाला १५० रुपये. दुचाकीचे पेट्रोल १,५००, धार व दुरुस्ती ५००, दूरध्वनी ३०० आणि अवजारे बदलण्यासाठी बाजूस ठेवावयाचे ५००, असा २,८०० रुपये खर्च वजा जाता १४,००० रुपये उरतात. यात चैन नाही. तथापि कुंड्या भरणे, नवी रोपे लावणे, मेंदीची मोठी छाटणी, पावसाळ्यापूर्वीची साफसफाई ही कामे ठरल्या मोबदल्याबाहेरची असतात, आणि त्यांतूनच माळ्याच्या घरात सण साजरे होतात. ती कामे फुकट करून दिली की व्यवसाय तेथेच थांबतो.

मोबदला बारा महिन्यांचा, समान हप्त्यांत ठरवावा. पावसाळ्यात गवत वेगाने वाढते, तण माजते, काम दुप्पट होते. थंडीत हरळीची वाढ मंदावते. उन्हाळ्यात पाणी देणे हेच मुख्य काम. ज्या ग्राहकाशी महिन्यामहिन्याचा बोलीव्यवहार असतो तो जुलैत ‘‘आता तर पाणीही घालावे लागत नाही’’ म्हणून पैसे कमी करतो आणि मे महिन्यात ‘‘बाग वाळलीच आहे’’ म्हणून येऊ नका सांगतो. साध्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्यांचे पत्र असावे : वार, वेळ, कोणती कामे समाविष्ट, कोणती वेगळ्या आकाराची, खत व रोपांचा खर्च कोणाचा, काम थांबविण्यास किती दिवसांची पूर्वसूचना. गृहनिर्माण संस्थेचे काम घेताना तर हे पत्र अपरिहार्य आहे, कारण वार्षिक सभेनंतर कार्यकारिणी बदलते आणि नव्या सचिवांस जुन्या सचिवांनी तोंडी काय कबूल केले होते याची माहिती नसते. संस्थेचे पैसे उशिराने येतात, हेही ध्यानात ठेवावे. दोन महिन्यांची मजुरी पदरची देण्याची तयारी नसेल तर पहिल्याच वर्षी मोठ्या संकुलाच्या मागे लागू नये.

यंत्र केव्हा घ्यावे

आता यंत्राकडे वळू. ते २४,००० रुपयांचे धरू आणि तीन वर्षे टिकेल असे मानू. म्हणजे झीज महिन्यास सुमारे ६६७ रुपये. पेट्रोल, तेल, पाती व दुरुस्ती यांचे ८०० धरले तर यंत्राचा मासिक भार जवळजवळ १,४७० रुपये होतो. एका ग्राहकाच्या मोबदल्याहून हा भार अधिक आहे. यंत्रामुळे प्रत्येक भेटीत २० मिनिटे वाचतात असे समजू. पाच बागा असतील तर महिन्याच्या २० भेटींत पावणेसात तास वाचले. १५० रुपये दराने त्यांचे मोल हजार रुपये. म्हणजे यंत्र तोट्यात. १४ बागा असतील तर ५६ भेटींत साडेअठरा तासांहून अधिक वेळ वाचतो, त्याचे मोल २,८०० रुपये, यंत्र फायद्यात. ही रेषा सात-आठ बागांच्या आसपास ओलांडली जाते. तीही वाचलेल्या तासांत नवे काम मिळाले तरच. वाचलेला वेळ चहाच्या टपरीवर गेला तर यंत्राने माळ्यास विश्रांती दिली, उत्पन्न दिले नाही.

हप्त्याचे पाहू. संपूर्ण २४,००० रुपये कर्जाऊ घेतले, व्याजदर ११ टक्के व मुदत दोन वर्षे धरली, तर मासिक हप्ता सुमारे १,१२० रुपये येतो. पेट्रोल-दुरुस्ती त्याखेरीज. दोन बागांच्या जोरावर हा हप्ता उचलणे म्हणजे एका ग्राहकाच्या लहरीवर आपली पत टांगणे होय.

त्या तरुणास आम्ही त्या दिवशीही पेट्रोलचे यंत्र घेऊ दिले नाही. हाताने ढकलण्याचे यंत्र त्याने स्वतःच्या साठलेल्या पैशांतून घेतले. पुढच्या वर्षी बागा नऊ झाल्यावर ‘शिशु’ गटातून त्याला कर्ज मिळाले. पंतप्रधान मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तीत ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज शिशु गटात येते, त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर आणि दहा लाखांपर्यंत तरुण. या कर्जास तारण लागत नाही. ‘तारण नाही’ याचा अर्थ ‘परतफेड नाही’ असा करणारे लोक भेटतात. पतमापन संस्थांच्या नोंदींत थकलेला हप्ता दीर्घकाळ राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तो पुढे येतो.

शाखेत येताना काय आणावे, हे सर्व जण विचारतात. ओळख व पत्त्याचे पुरावे, पॅन, यंत्राचे दरपत्रक आणि उद्यम नोंदणी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून संगणकावरून व विनामूल्य होते. त्यासाठी मध्यस्थास पैसे देऊ नयेत. परंतु माझ्या अनुभवात या कागदांहून अधिक बोलके असते ते खात्याचे विवरण. मोबदला रोखीत घेऊन खिशात ठेवला तर बँकेच्या दृष्टीने तो मिळालाच नाही. धनादेशाने घ्यावा, अथवा यूपीआयची चौकट दाखवून थेट खात्यात घ्यावा. सहा-आठ घरांतून दरमहा त्याच सुमारास येणारी रक्कम पाहिली की अधिकाऱ्यास अर्जदाराविषयी फारसे विचारावे लागत नाही. संस्थेने मोबदल्यातून कर कापला असेल तर त्याची नोंद पॅनवर होते. विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, आणि भरलेले विवरणपत्र पुढील कर्जास उपयोगी पडते.

कायद्याच्या कडा

दोन गोष्टी माळ्यास अडचणीत आणतात. पहिली, झाडे तोडणे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी वृक्ष संरक्षण व जतनाचा १९७५ चा अधिनियम आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. ‘‘ही फांदी खिडकीशी येते, उडवून टाका,’’ असे मालक सहज सांगतात. झाड त्यांच्या आवारातील असले तरी कुऱ्हाड ज्याच्या हाती, तोही उत्तरदायी ठरू शकतो. परवानगीचे पत्र प्रथम पाहावे. इतर राज्यांतही असे कायदे आहेत. आपल्या महापालिकेच्या उद्यान विभागात विचारावे.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांची. व्यवसाय म्हणून फवारणी करून देण्यास अनुज्ञप्ती लागते, ही बाब फार थोड्यांस ठाऊक असते. त्याहून मोठा प्रश्न जीविताचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ही माणसे फवारणीस नवखी नव्हती. बंगल्याच्या बागेत मुले खेळतात, कुत्री-मांजरे फिरतात. कडुनिंबाचे तेल, हाताने किडी वेचणे, रोगट भाग छाटून टाकणे यांवर भागवावे आणि त्यापलीकडचे काम परवानाधारकाकडे सोपवावे. पालापाचोळा जाळू नये. तोही गुन्हा आहे, शिवाय ते उत्तम खत आहे.

विम्याचा एक शब्द. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षास २० रुपयांत दोन लाख रुपयांचे अपघाती संरक्षण मिळते. १८ ते ७० वयाच्या खातेदारास ती घेता येते. यंत्राच्या पात्याशी व शिडीशी रोज गाठ असणाऱ्याने ती न घेण्यास काही कारण नाही. मदतनीस ठेवला तर त्याचाही अर्ज आपणच भरून घ्यावा.

पाणी

हा सर्वांत अवघड प्रश्न. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीस दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर १०० चौरस मीटरच्या हिरवळीस रोज ५०० लिटर लागतील. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना दरडोई दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे एक मध्यम आकाराची हिरवळ जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते. टंचाईच्या काळात समाज या हिशेबाकडे डोळेझाक करीत नाही, करूही नये. २०२४ च्या मार्च महिन्यात बंगळुरात पिण्याचे पाणी बागेस वापरण्यावर बंदी आली आणि उल्लंघनास पाच हजार रुपये दंड ठरला. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी केवळ हिरवळीवर पोट असणाऱ्या माळ्याचे काय?

आमच्या तरुणावर ही वेळ तिसऱ्या उन्हाळ्यात आली. एका वसाहतीची कूपनलिका आटली, टँकर सुरू झाले आणि तेथील चार घरांनी त्याला एकाच आठवड्यात ‘‘पाऊस पडेपर्यंत येऊ नका’’ म्हटले. यंत्राचे पाच हप्ते शिल्लक होते. तो शाखेत आला तो हप्ते पुढे ढकलता येतील का हे विचारावयास. आम्ही त्यावर बोललो, अर्ज लिहावयास घेतला. पण लिहिता लिहिता तोच थांबला आणि म्हणाला, ‘‘गवत मेलं तरी बाग मरत नाही ना, साहेब.’’ अर्ज अर्धा राहिला. तो चारही घरी पुन्हा गेला आणि त्यांना सुचविले की हिरवळ अर्धी करू. उरलेल्या जागेत बोगनवेल, अडुळसा, कोरफड, गवती चहा लावू. जमिनीवर सुक्या पानांचा थर देऊ. स्वयंपाकघरात भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना घालू. जी हिरवळ राखावयाची ती उंच ठेवू, कारण उंच गवत स्वतःच्या मुळांवर सावली धरते. आणि पाणी रोज थोडे न देता तीन-चार दिवसांनी, पहाटे, खोलवर देऊ, म्हणजे मुळे खाली जातील. तीन घरांनी मान्य केले. चौथे सुटले ते सुटलेच. लागवडीच्या कामाचे वेगळे पैसे मिळाल्याने त्या उन्हाळ्यात त्याचा एकही हप्ता चुकला नाही.

मोठ्या संकुलांत सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी यंत्रणा असते. तेथील प्रक्रिया केलेले पाणी बागेस मिळते का, ही चौकशी काम घेण्यापूर्वीच करावी. ते नसेल तर मोठ्या हिरवळीचे कंत्राट उन्हाळ्यात अंगावर येते.

मी निवृत्त होऊन आता काही काळ लोटला. त्या तरुणाकडे आज १९ बागा व एका शाळेचे पटांगण आहे, हाताखाली दोन माणसे आहेत. ऑक्टोबर आला की तो अजूनही पंधरा दिवस द्राक्षबागेत छाटणीस जातो; तेथे मजुरी अधिक मिळते, आणि खरे सांगावयाचे तर त्याचे मन तेथेच रमते. त्या दिवसांत बागांवर मेव्हणा जातो. गेल्या वर्षी मेव्हण्याने निवृत्त शिक्षिकाबाईंच्या वाफ्यातील लिलीची पाती नागरमोथा समजून गाठींसह उपटली. परत आल्यावर त्याने रोपवाटिकेतून ८० रुपयांचे नवे कंद आणून स्वतः लावून दिले. वहीत त्या बागेच्या पानावर ही रक्कम आपल्या खर्चाच्या रकान्यात लिहिली आहे आणि पुढे मेव्हण्याचे नाव घालून दोनदा अधोरेखित केले आहे.